बिलाच्या तळाशी छापलेली बचत

सुपरमार्केटच्या बिलाला हल्ली एक शेवटची ओळ असते. वस्तूंची नावे, वजने, कर, एकूण रक्कम हे सगळे संपले की खाली जरा ठळक छापलेले असते, या खरेदीत तुमचे अमुक इतके रुपये वाचले. तीन-चार हजारांच्या बिलाखाली पाचशे-सहाशेचा आकडा सहज दिसतो. घरी आल्यावर खर्च किती झाला हे विचारले तर माणूस अडखळतो. वाचले किती हे मात्र न विचारता सांगतो.

ही वजाबाकी कशातून कशाची? वेष्टनावरच्या कमाल किरकोळ किमतीतून दुकानाने लावलेल्या किमतीची. ही कमाल किंमत सरकार ठरवते असा पुष्कळांचा समज आहे. काही औषधांसारखे अपवाद सोडले तर ती उत्पादकच ठरवतो आणि तोच छापतो. सरकार एवढेच सांगते, की किंमत छापा, तीत सगळे कर धरा आणि त्याहून जास्त घेऊ नका. 'कर वेगळे' असे मोघम छापलेले असायचे तेव्हा दुकानदार कराच्या नावाखाली मनाला येईल तेवढे घेत. त्याला आळा बसावा म्हणून १९९०च्या सुमारास करांसकट एकच किंमत छापण्याची सक्ती झाली. गिऱ्हाइकाला मिळालेले ते संरक्षण होते. मोठी दुकाने आली आणि त्याच आकड्याला दुसरे काम लागले. सहसा कोणी ज्या भावाने घेत नाही असा भाव वेष्टनावर असतो, त्यावर सवलत मिळते आणि सवलतींची बेरीज बचत म्हणून आपल्या हाती पडते. दुकानाच्या स्वतःच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालात तर भाव ठरवणारा आणि सवलत देणारा एकच. शंभर छापून सत्तरला विकले काय किंवा ऐंशी छापून सत्तरला विकले काय, आपल्या खिशातून सत्तरच जातात. बिलाच्या तळाशी मात्र एकदा तीस वाचतात आणि एकदा दहा.

महागाईने मराठी मध्यमवर्गाची काटकसर मोडलेली नाही. उलट ती पूर्वीपेक्षा जास्त उत्साहाने चालू आहे. बदलले ते एवढेच, की तिचा हिशेब ठेवण्याचे काम आपण घराकडून काढून दुकानाकडे दिले. आठवड्याच्या बाजारात खरोखर पैसे वाचवायचे असतील तर भावांची तुलना ही दुसरी पायरी आहे. कशाला बचत म्हणायचे हे कोण ठरवतो, हा प्रश्न तिच्या आधीचा.

या बाबतीत डी-मार्टकडे नीट पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रातल्या शहरी कुटुंबांची काटकसर आज रविवारी सकाळी त्याच्याच दारात ट्रॉली धरून उभी असते. डी-मार्टचे संस्थापक राधाकिशन दमाणी हे मूळचे शेअरबाजारातले. स्वतःचे दुकान काढण्याआधी त्यांनी नेरूळला 'अपना बाजार'ची शाखा चालवायला घेतली होती. अपना बाजार म्हणजे १९४८ साली नायगावच्या गिरणी कामगारांमधून उभी राहिलेली ग्राहकांची सहकारी संस्था. २००२ साली पवईला डी-मार्टचे पहिले दुकान निघाले आणि २०२५च्या मार्चअखेर ही संख्या ४१५वर गेली. कामगारांच्या सहकारी भांडारात किराण्याचे धडे गिरवून पुढे देशातली एक बडी खासगी कंपनी उभी राहावी, याला काव्यगत न्याय म्हणावे की नुसता व्यवहार, हे ज्याने त्याने ठरवावे.

या दुकानांच्या यशाचे इंगित एखाद्या जुन्या गृहिणीला समजावून सांगावे लागणार नाही. जागा शक्यतो विकत घ्यायची, भाड्याची घ्यायची नाही, म्हणजे दर तीन वर्षांनी भाडेवाढीचा जाच नको. सजावटीवर पैसा घालायचा नाही. खपणारा माल ठेवायचा, न खपणारा हलवायचा. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात त्याच्याकडून भाव पाडून घ्यायचा. रोखीच्या गिऱ्हाइकाला वाणीही दोन रुपये सोडतोच. शंभराच्या विक्रीत पंधराएक रुपयांच्या ढोबळ नफ्यावर समाधान मानायचे, पण माल भराभर फिरता ठेवायचा. ही काटकसर अस्सल आहे आणि तिचा काही भाग कमी भावाच्या रूपाने आपल्यापर्यंत पोहोचतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. डी-मार्टची साखर कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा स्वस्त असते ती खरोखरच स्वस्त असते.

पण कंपनीच्याच आकड्यांत पुढची गोष्ट आहे. एकूण विक्रीत खाण्याच्या वस्तूंचा वाटा निम्म्याहून जास्त, आणि एक पंचमांशाहून जास्त वाटा भांडी, बादल्या, चादरी, कपडे, खेळणी अशा मालाचा. नफ्याचे प्रमाण या दुसऱ्या मालावर अधिक. डाळ-साखर माणसाला दारापर्यंत आणते आणि प्लास्टिकचे डबे, टॉवेल, पोरांचे टी-शर्ट दुकानाचा संसार चालवतात. म्हणजे यादीत लिहिलेल्या वस्तूंवर आपण वाचवतो आणि यादीत नसलेल्या वस्तूंवर ती बचत परत देऊन येतो. बिलाच्या शेवटच्या ओळीत मात्र दोन्हींची बेरीज होते. न लागणारी दीडशेची बादली शंभरला घेतली, की वाचलेल्या रकमेत पन्नास रुपये वाढतात! दुकान स्वतः काटकसर करते आणि काटकसर केल्याचे समाधान आपल्याला विकते. ही विक्री बिलात दिसत नाही.

दुकानदारीतही समाधानापेक्षा हिशेब टिकतो, याचे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडले. २००१ साली सुरू झालेल्या बिग बझारने स्वस्ताईचा सण केला. 'सबसे सस्ता दिन' अशी हाक देऊन २००६च्या प्रजासत्ताक दिनी अशी झुंबड उडवली, की काही दुकानांची दारे लावून घ्यावी लागली. बिग बझार चालवणारा किशोर बियाणींचा समूह पुढे कर्जात बुडाला आणि २०२२मध्ये दुकानांवरच्या पाट्या उतरल्या. ढोल वाजवून स्वस्त विकणारा गेला. जागा विकत घेऊन, निमूटपणे पैसे मोजणारा राहिला.

दुकानाने वह्या इतक्या चोख ठेवाव्यात आणि गिऱ्हाइकाने सगळे बिलावर सोपवावे, ही तफावत कायद्यालाही जाणवली असावी. २०२१ साली आवेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती झाली. पूर्वी चहा, बिस्किटे, तेल, साबण अशा ठरावीक वस्तूंची वजने बांधून दिलेली होती. ते बंधन गेले. आता उत्पादक ९०० ग्रॅमचा, ८५० ग्रॅमचा, वाटेल तो पुडा काढू शकतो. त्याला उतारा म्हणून वेष्टनावर एककाचा भाव छापायला सांगितले, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला किती पडतात ते. कल्पना उत्तम आहे. आठवड्याच्या खरेदीत पैसे वाचवण्याचे एकच साधन सांगा असे कोणी म्हटले तर मी हाच बारीक आकडा दाखवीन. पुडा मोठा असला की स्वस्त पडतो, हा आपला वाडवडिलांपासूनचा विश्वास. तो दर वेळी खरा ठरत नाही हे या आकड्यावरून कळते.

आकडा वाचणे मात्र सोपे ठेवलेले नाही. किलोच्या आतल्या पुड्यावर भाव ग्रॅमला द्यायचा, किलोच्या वरच्यावर किलोला, आणि तोही रुपयाच्या दोन दशांश स्थळांपर्यंत. म्हणजे अर्ध्या किलोच्या पुड्यावर ०.१७ आणि दोन किलोच्या पिशवीवर १६८. दोन्ही एका मापात आणायचे काम रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे. त्यात आणखी एक गंमत आहे. किलोला १६६ रुपये पडणारा माल आणि १७४ रुपये पडणारा माल, दोघांचाही ग्रॅमचा भाव पूर्णांक करून ०.१७च येतो. किलोमागे आठ रुपयांचा फरक नियमाप्रमाणे, कायदेशीररीत्या, पुसला जातो. ज्याने हा नियम लिहिला त्याने हरभऱ्याची डाळ कधी विकत घेतली नसावी.

तेलाचे प्रकरण आणखी तेलकट. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. काही पिशव्या लिटरच्या, काही ग्रॅमच्या, काहींवर दोन्ही. काही कंपन्या चढ्या तापमानाला मोजलेले आकारमान छापत. तेल तापले की फुगते, त्यामुळे लिटर तेवढाच दिसतो आणि आत ग्रॅम कमी असतात. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला सांगावे लागले, की तापमानाचा उल्लेख काढा आणि छापलेल्या आकारमानाला साजेसे वजन आत भरा. तळणीत वजन पडते, आकारमान नाही. तेव्हा तेल घेताना पिशवीवरचे ग्रॅम पाहावेत, पुढचे पुढे.

आणि पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. वर्षानुवर्षे तो पाचलाच मिळतो आणि वर्षानुवर्षे हलका होत जातो. किंमत वाढली की आरडाओरड होते, वजन घटले की होत नाही, हे आपल्याइतकेच कंपन्यांनाही ठाऊक आहे.

इथपर्यंतचे सगळे दुकानाच्या बाजूचे झाले. घराच्या बाजूला पाहिले तर जास्त अवघड गोष्ट दिसते. आपली काटकसर बऱ्याचदा चुकीच्या जिनसांवर खर्च होते. २०२२-२३च्या घरगुती खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत शहरी माणसाच्या एकूण खर्चात तृणधान्यांचा वाटा ३.६४ टक्के निघाला. १९९९-२०००मध्ये तो १२ टक्क्यांच्या वर होता. पेये, फराळाचे आणि तयार पदार्थ, बाहेरून आणलेले जेवण या सगळ्यांचा मिळून वाटा २०२२-२३मध्ये १०.६४ टक्के होता, म्हणजे तृणधान्यांच्या जवळजवळ तिप्पट. ज्यांनी १९७२चा दुष्काळ आणि रेशनची लाल ज्वारी पाहिली त्या पिढीने काटकसर शिकवली ती धान्याच्या भाषेत. गहू दोन रुपयांनी स्वस्त कुठे, तांदूळ जुना कुणाकडे, डाळ कोणत्या पेठेत बरी. त्या काळी पगाराचा मोठा तुकडा धान्यातच जात असल्याने ते शहाणपण होते. आज चौघांचे कुटुंब महिन्याला पंधरा किलो गहू खाते असे धरले, तर किलोमागचे दोन रुपये वाचवून महिन्याला तीस रुपये हाती लागतात. वेफर्सचे दोन पुडे. आणि ते दोन पुडे त्याच ट्रॉलीत असतात.

वेफर्स खाऊ नयेत असा उपदेश मला करायचा नाही. पैसे जातात कुठे आणि आपण पहारा देतो कुठे, एवढेच दाखवायचे आहे. घरात महिनाभर नुसती नोंद ठेवली, सल्ला-बिल्ला काही नको, फक्त नोंद, तर बहुतेकांच्या लक्षात येईल की धान्य-डाळीचा खर्च फारसा हलत नाही. हलतो तो सॉस, बिस्किटे, फरसाण, थंड पेये, सुगंधी साबण आणि 'एकावर एक' यांचा. आणि भाजीच्या कप्प्याचा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४च्या अहवालात भारतातल्या घरांत वर्षाला माणशी ५५ किलो अन्न वाया जाते असा अंदाज दिला. त्यात सालपटे-देठही धरलेले आहेत, तेव्हा आकड्याने घाबरून जायला नको. पण आठवड्याची भाजी एकदम आणायची पद्धत आली तशी बुधवारनंतर पिवळी पडणारी मेथी हाही घरोघरचा अनुभव झाला. दहा रुपयांनी स्वस्त आणलेली जुडी फेकली तर ती सगळ्यांत महाग पडली.

आठवड्याने खरेदी करायची ही चाल पगारदार मराठी घराची नव्हे. त्याची चाल महिन्याची. पगार झाला, यादी झाली, वाण्याकडे गेली, पोऱ्या सामान टाकून गेला. यादी घरात बसून लिहिली जायची, डबे उघडून, काय उरले ते बघून. वाण्याच्या दुकानात फळीवरची वस्तू स्वतः उचलायची सोय नव्हती, त्यामुळे मोहाला वावही कमी. सुपरमार्केटने मध्ये उभा असलेला दुकानदार काढून टाकला आणि आपल्याला वस्तूंमध्ये मोकळे सोडले. शिवाय महिन्यातून एकदाऐवजी चार-पाचदा. मला वाटते, फक्त फेऱ्या कमी केल्या तरी कुठल्याही सवलतीहून जास्त पैसे वाचतील. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपांनी तर फेरी ही कल्पनाच संपवली. कोथिंबीर हवी असते, घरपोच फुकट होण्यासाठी अमुक रकमेची खरेदी लागते, म्हणून कोथिंबिरीबरोबर चॉकलेट येते.

महिन्याच्याही पलीकडची चाल वर्षाची होती. एप्रिल-मेमध्ये गहू, तूरडाळ, मिरची, हळद भरून ठेवायची, उन्हे द्यायची, गव्हाला एरंडेल चोळायचे, डब्यांत कडुनिंबाचा पाला घालायचा. ही बेगमी भावनिक विषय झाली असली तरी मुळात ती पक्की आर्थिक चाल होती. सुगीनंतर भाव उतरलेले असतात, तेव्हा घ्यायचे. आजच्या करव्यवस्थेने नकळत तिला आणखी एक टेकू दिला आहे. जुलै २०२२पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, छापील वेष्टनातल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के वस्तू आणि सेवा कर आहे. सुट्या मालावर नाही आणि २५ किलोवरच्या पोत्यावरही नाही. म्हणूनच बाजारात २६ किलोच्या तांदळाच्या पिशव्या दिसू लागल्या. सप्टेंबर २०२५मध्ये दर बदलले, बिस्किटे, फरसाण, साबण, टूथपेस्ट १२ आणि १८ टक्क्यांवरून ५वर आली. पिठाच्या पिशवीचे ५ टक्के होते तिथेच आहेत. आज पाच किलोच्या पिठाच्या पिशवीला आणि फरसाणाच्या पुड्याला एकच दर लागतो. पोते आणणाऱ्याला तो लागत नाही.

पण पोते ठेवायचे कुठे? ठाण्या-डोंबिवलीतल्या साडेतीनशे चौरस फुटांच्या घरात कोठीची खोली नसते आणि माळ्यावर आधीच गणपतीचे मखर असते. पोत्याने वाचवलेला पैसा हा जागा असणाऱ्याचा पैसा आहे. आणि हातात एकरकमी रक्कम असणाऱ्याचा. आठवड्याच्या खरेदीवरच्या बहुतेक सल्ल्यांत हीच मेख आहे. जास्त घ्या, रोखीने घ्या, एकदम घ्या, हे ज्याला जमते त्याला मुळात सल्ल्याची निकड कमी.

ज्याला ते जमत नाही त्याचा बाजार वेगळा चालतो. ग्रामीण महाराष्ट्रात मजुरी बऱ्याच ठिकाणी आठवडी बाजाराच्या दिवशी हाती पडते आणि त्याच दिवशी तेल-मीठ-मिरचीत संपते. तिथे आठवडा ही आयात केलेली फॅशन नाही, तो रोख पैशाचा ताल आहे. शहरातल्या वस्तीत हाच ताल दिवसावर येतो. पाव किलो तेल, दहाचे शेंगदाणे, एका दिवसाचा चहा. किलोच्या हिशेबाने या मालाला जास्त पैसे पडतात. गरिबाचा बाजार महाग असतो तो असा. याला एक मजेशीर अपवाद शांपूचा. एका रुपयाच्या पुडीत मिलिलिटरला पडणारा भाव कित्येकदा मोठ्या बाटलीपेक्षा कमी निघतो. पुडीचे गिऱ्हाईक रुपयाच्या वर जाणार नाही हे कंपन्यांना माहीत असते आणि बाटलीचे गिऱ्हाईक हिशेब करणार नाही हेही.

त्या वस्तीतला वाणी सुपरमार्केटपेक्षा महाग विकतो हे खरेच. तो महिनाभर उधार देतो, बिनव्याजी. रात्री दहाला शटर अर्धे वर करून दूध देतो. पाच रुपयांची हळद बांधून देतो. भावाच्या तुलनेत या गोष्टी येत नाहीत. हातावर पोट असलेल्या बाईला डी-मार्टच्या स्वस्त डाळीपेक्षा वाण्याची महाग डाळ परवडते, कारण डी-मार्ट तिला पंधरा तारखेला डाळ देणार नाही. सर्वांत कमी भाव आणि सर्वांत कमी खर्च या दोन गोष्टी तिच्या बाबतीत एक नाहीत. वाण्याच्या वहीतही कधी चुका असतात आणि त्या सहसा वाण्याच्या बाजूने झुकतात, हेही सांगून टाकायला हवे. त्या वहीची आठवण काढून गहिवरणाऱ्यांपैकी मी नाही.

घराने एकेकट्याने वाचवायचे, ही कल्पनाच तुलनेने नवी आहे. मुंबईत महागाईचा प्रश्न एकेकाळी रस्त्यावर सोडवायचा प्रश्न होता. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांतल्या बायका महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या आणि लाटणी घेऊन मोर्चे निघाले. तेल, साखर, रॉकेल कुठे दडवले आहे हे विचारत त्या मंत्र्यांच्या दारापर्यंत गेल्या. त्याच दशकात पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. सुधीर फडके यांच्यासारखा संगीतकार त्या कामात होता. पंचायतीने शोधलेली वाटप-व्यवस्था आजही विचार करण्याजोगी आहे. शेजारपाजारची दहा-पंधरा कुटुंबे मिळून संघ करतात. महिन्याच्या छापील यादीवर प्रत्येक घर आपली मागणी लिहिते, पैसे गोळा होतात, पंचायत घाऊक बाजारातून माल घेते आणि संघाचा सगळा माल एका सभासदाच्या घरी येऊन पडतो. बाकीचे तिथे जमून वाटून घेतात. दुकान नाही, काउंटर नाही, फळ्या नाहीत, नजरेच्या उंचीवर मांडलेले काही नाही. मागणी आधी लिहिली जाते आणि माल नंतर दिसतो. सुपरमार्केटने हा क्रम उलटा केला, आणि माझ्या मते त्याचा बराचसा नफा या उलट्या क्रमात आहे.

मग अशी व्यवस्था सगळीकडे का पसरली नाही? लोकांना एकीचे महत्त्व कळत नाही, हे उत्तर आळशी आहे. खरे कारण वेळेत शोधावे लागते. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो असे दिसले. पुरुषांचा ८८ मिनिटे. काटकसर या २८९ मिनिटांतून निघते. गहू स्वस्त पडतो तो कोणीतरी निवडतो म्हणून, दळण टाकून आणतो म्हणून. यादी डबे उघडून लिहिली जाते ती कोणीतरी डबे उघडतो म्हणून. नोकरी करून संध्याकाळी साडेसातच्या लोकलने उतरणाऱ्या बाईने तयार पिठाची पिशवी उचलली तर ती उधळी ठरत नाही. तिने किलोमागे दहा-पंधरा रुपयांना अर्धा तास विकत घेतला आणि त्या भावात मुंबईत दुसरे काही मिळत नाही. निवृत्त काका तीन दुकाने फिरून बारा रुपये वाचवतात, तेव्हा त्यांच्याही वेळेला किंमत नाही असे धरलेले असते. फरक इतका, की त्यांना फिरण्यात मजा वाटते. घराचा हिशेब घरी आणायचा म्हणताना तो पुन्हा एकाच व्यक्तीच्या माथी मारला जात नाही ना, हे आधी पाहायला हवे. नोंद एकाने ठेवायची आणि ट्रॉली दुसऱ्याने भरायची, ही व्यवस्था पहिल्याच आठवड्यात भांडणावर येते.

सोसायट्यांत एक गोष्ट मात्र दर उन्हाळ्यात होते. कोणाच्या तरी ओळखीचा देवगडचा किंवा रत्नागिरीचा बागायतदार असतो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नावे मागवली जातात, पेट्या थेट इमारतीच्या गेटवर उतरतात, मधल्या दलालांचा वाटा वाचतो आणि आंबाही बरा लागतो. टाळेबंदीत भाजी, द्राक्षे, कलिंगडे अशीच आली. नावे घेणारा, पैसे गोळा करणारा, डागी पेटी कोणाच्या वाट्याला आली यावरून बोलणी खाणारा असा एक माणूस प्रत्येक इमारतीत सापडला. आंब्यासाठी ही कटकट कोणीही हौसेने अंगावर घेतो. तूरडाळीला तशी हौस नाही. तिच्यात खडे निघाले तर कोणाला सांगायचे, अर्धा किलो कमी भरली तर कोणी भरून द्यायची, पैसे बुडवणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचे काय करायचे, हे प्रश्न दर महिन्याला उभे राहतात आणि सोडवणाऱ्याला त्याचे काहीच मिळत नाही. पंचायतीच्या संघांत हे काम वर्षानुवर्षे बायकांनी केले, दुपारच्या वेळी, जेव्हा त्यांतल्या पुष्कळ जणी घरी असत. आता दुपारी इमारतीत लहान मुले, म्हातारी माणसे आणि सामान पोहोचवणारी पोरे असतात. डाळीचे पोते उतरवून घ्यायला रविवार उरतो, आणि रविवारी सकाळी सगळे जण डी-मार्टला गेलेले असतात.